वाढत्या अंगाचा स्कर्ट

मास्तरांच्या दुकानात आत जायला वाट होती, बाहेर यायला नव्हती. दुकान बोळासारखं अरुंद. शिंप्याला उजेड लागतो म्हणून शिलाईचं मशीन अगदी दारात. मास्तर एकदा मशीनवर बसले की मागच्या माणसाला बाहेर पडायचं तर त्यांना उठवावं लागे, आणि मास्तरांना उठवणं म्हणजे उतारावरची बैलगाडी थांबवणं. म्हणून मागचं माणूस तहान दाबून, लघवी दाबून तसंच बसून राही.

मागचं माणूस म्हणजे त्यांची मुलगी. शाळा सुटली की मशीन सुरू व्हायच्या आत ती मागे शिरायची आणि दिवेलागणीपर्यंत काज करायची, बटणं लावायची, तुरपाई घालायची. चौदावं लागलं होतं. अंगाने काडी, नाकाने धारदार आणि बोलण्याने त्याहून धारदार. गिऱ्हाइकांनीच तिचं नाव टाचणी पाडलं होतं. तिला त्याचा राग नव्हता. शिंप्याच्या घरात टाचणी पडली तर सगळं घर ओणवं होऊन शोधतं, एवढा मान कुणाला मिळतो?

खऱ्या टाचण्या मात्र मास्तरांच्या तोंडात असत. कापडाला लावायच्या आधी ओठांत धरायच्या, ही सगळ्याच शिंप्यांची सवय. पण मास्तरांनी त्या सवयीचा किल्ला केला होता. अवघड प्रश्न समोर आला की त्यांचा हात टाचण्यांच्या डबीकडे जाई. परवाचा वायदा चुकला म्हणून गिऱ्हाईक तणतणत आलं, टाचण्या ओठांत. बायकोने घरातलं काही विचारलं, टाचण्या ओठांत. मग आतून नुसतं 'हं' येई, आणि त्या 'हं'चा अर्थ ज्याने त्याने आपल्या मापाने बेतून घ्यायचा. लोक तोंडात मिठाची गुळणी धरतात, मास्तर टाचण्यांची धरत.

असंच एक 'हं' ते फोनवर म्हणाले, आणि तिथून ही गोष्ट सुरू झाली.

फोन त्यांच्या थोरल्या बहिणीचा होता. आई लहानपणीच गेली, तेव्हा या बहिणीनेच मास्तरांना भरवलं, न्हाऊ घातलं, आणि हातात पहिली सुई दिली तीही तिनेच. लग्नानंतर ती परदेशी गेली. तिथे तिने आणि तिच्या यजमानांनी कपडे दुरुस्तीचं दुकान टाकलं. पँटची उंची कमी करायची, तुटलेली चेन बदलायची, कोटाची कंबर सैल करायची. दुकान चांगलं चाललं. मूलबाळ झालं नाही.

"सुट्टीत सगळे या," ती म्हणाली. "पोरीला जंगल दाखवू, मोकळ्यातली जनावरं दाखवू. आणि जाताना पोरीला माझ्याकडे ठेवून जा. इथल्या शाळा चांगल्या आहेत. तीन वर्षं राहू दे. शिकेल, आणि दुकानात मलाही मदतीचा हात होईल. मग ने तुझी तुला. चालेल ना?"

मास्तर म्हणाले, "हं."

टाचणीला हे कुणीच सांगितलं नाही. आईला वाटे, बाप सांगेल. बापाला वाटे, आईने सांगितलं असेल. तिकडे आत्याला वाटे, एवढी मोठी गोष्ट, घरात बोलणं झालंच असणार. आई रात्री भांडी घासताना उगाच जोरात घासायची. एकदा ती मास्तरांना म्हणाली, "शाळा चांगली आहे म्हणतात. मग मला असं का होतंय?" मास्तरांनी डबी शोधली.

जंगलात मातकट रंगाचे कपडे घालावेत, असं आत्याने कळवलं होतं. मास्तरांनी मातकट कापडाचा एक अख्खा तागा आणला आणि त्यातून घरादाराचे कपडे बेतले. स्वतःचा सदरा, बायकोचा कुडता, टाचणीचा लांब बाह्यांचा शर्ट आणि घेरदार स्कर्ट. उरलेल्यातून तीन टोप्या.

"आपण तिघं ओळीत उभे राहिलो तर लोक पडदा समजून बाजूला सारतील," टाचणी म्हणाली.

तिच्या शर्टाला आणि स्कर्टला मास्तरांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तुरपाईसुद्धा स्वतः घातली. एरवी ते काम टाचणीचंच. तिला वाटलं, बाबांना प्रवासाचा हुरूप आला आहे. तिला तर आलाच होता. मागच्या अंधारात बसून ज्याने वर्षानुवर्षं दारातल्या पाठीपलीकडचा रस्ता फटीफटीतून पाहिला आहे, त्याला मोकळं रान बघायचं म्हणजे काय, हे बाकीच्यांना कळायचं नाही. ती झोपेत रानातल्या जनावरांच्या टापा ऐकायची.

सुट्टी लागली आणि तिघं परदेशी पोचले. आत्याचं घर तिच्या दुकानाच्या वरच होतं. स्वच्छ, शांत, पायांचा आवाज होऊ न देणारं. एका छोट्या खोलीत नवा पलंग होता, नवे पडदे होते, भिंतीला कपड्यांचं रिकामं कपाट होतं.

"ही कुणाची खोली?" टाचणीने विचारलं.

आत्या तिच्याकडे बघून गोड हसली. "ज्याची त्याला कळेल."

खाली दुकानात गेल्यावर टाचणीला हसू आलं. हजारो मैल लांब येऊन बघावं, तर मशीन इथेही दारातच. मागे एक नवीकोरी खुर्ची होती. ती सहज बसली. तिचे पाय जमिनीला बरोब्बर टेकले. आत्या तर ठेंगणी ठुसकी, तिचे पाय अधांतरी राहिले असते. आणि आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, ताडमाड. टाचणीने खुर्चीकडे एकदा पाहिलं आणि सोडून दिलं. पोर हुशार होती, पण घरच्यांवर संशय घ्यायला ती अजून शिकली नव्हती.

सहलीच्या दिवशी उजाडतानाच सगळे जंगलाच्या फाटकाशी पोचले. गाडी उंच होती. वर ताडपत्री, बाजूंना जाड जाळी, मागे एकच दार. त्या दाराची कडी बाहेरून लावत.

"म्हणजे पिंजऱ्यात आपण," आई म्हणाली.

"आणि बघायला येणार ते," टाचणी म्हणाली. "बाबा, नीट बसा. तिकीट त्यांनी काढलंय."

गाडीवाला रापलेला, शांत माणूस होता. बसण्याआधी त्याने आपल्या भाषेत बराच वेळ काहीतरी समजावून सांगितलं. हातवारे केले, ओठांवर बोट ठेवलं, दाराकडे दाखवलं, डोळे मोठे केले. सगळे आतोबांकडे बघू लागले.

"गप्प बसा म्हणतो," आतोबा म्हणाले.

"एवढंच?" आत्याने विचारलं.

"आणि उतरू नका म्हणतो."

आतोबा स्वभावाने देवमाणूस, पण त्यांचा आवाज देवळातल्या घंटेचा. कुजबुजणं त्यांना जन्मात जमलं नाही. इतकी वर्षं त्या देशात राहून त्यांनीही जंगल पाहिलं नव्हतं. गळ्यात दुर्बीण अडकवून ते सगळ्यांत आधी चढले. मागे बाकावर एका बाजूला मास्तर आणि आई, समोर आत्या आणि आतोबा, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत, सगळ्यांच्या गुडघ्यांना गुडघे लावून, टाचणी. बाहेरून कडी पडली. तो आवाज तिला ओळखीचा वाटला.

पण मग ऊन आलं. गवत पिवळं झालं, आणि त्या पिवळ्यात झेब्र्यांचा कळप उभा होता. टाचणीने जाळीला नाक लावलं. शिंप्याच्या पोरीला जे आधी दिसायचं तेच तिला दिसलं.

"बाबा, पट्टे बघा. पोटाखाली जुळवलेत."

मास्तर वाकले. खरंच, दोन्ही बाजूंनी आलेला पट्टा पोटाखाली पट्ट्याला भेटत होता. "मानेवरही," ते हळूच म्हणाले. "आयाळीतसुद्धा तोच पट्टा वर नेलाय. कापड किती वाया गेलं असेल." त्यांच्या तोंडात त्या दिवशी टाचण्या नव्हत्या. डबी आत्याच्या घरी राहिली होती. लेकीने फार दिवसांनी बापाचं अख्खं वाक्य ऐकलं.

पुढे जिराफ आले. त्यांचा कपडा तुकडे जोडून शिवलेला आहे आणि चिंध्या वाया घालवायच्या नाहीत म्हणून मान लांब केली आहे, असं बापलेकींनी ठरवलं. आत्याही हसली. म्हणाली, "कॉलर लावायला किती कापड लागेल रे?" आणि भावाकडे बघताना ती क्षणभर तीच जुनी थोरली बहीण झाली, जिने त्याला बाहुलीचे कपडे बेतायला शिकवलं होतं. त्या गाडीत तेवढा वेळ खरंच सगळे सुखी होते.

पाणवठ्याशी गाडीवाल्याने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. झाडीतून हत्ती येत होते. आवाज नाही, धूळ नाही. एवढं मोठं अंग आणि पाऊल मांजराचं. बघता बघता ते गाडीच्या पुढे आले, मागे गेले, दोन्ही अंगांना उभे राहिले. पुढे हत्ती, मागे हत्ती. गाडीवाल्याने हाताचा पंजा वर धरला. हलू नका.

कळपात एक पिल्लू होतं. चहूबाजूंनी आयामावश्यांच्या पायांचे खांब, आणि त्या खांबांत ते. त्याची कातडी त्याला फार मोठी होत होती. गुडघ्यांवर गोळा झालेली, पोटाखाली लोंबणारी, बगलेत घड्या घड्या पडलेली.

मास्तर स्वतःशीच पुटपुटले, "वाढत्या अंगाचं शिवलंय. माया भरपूर सोडलीये."

माया म्हणजे शिलाईच्या आत दाबून ठेवलेलं जास्तीचं कापड. मूल वाढलं की ते उसवून सोडायचं. टाचणीला हसू आलं, आणि हसता हसता तिचा हात आपोआप आपल्या स्कर्टच्या काठाशी गेला. लहान मुलांच्या कपड्याला एक दुमड घालायची, ती पुढच्या वर्षी सोडायची, ही त्यांच्या दुकानाची रीत. तिच्या बोटांना काठ जाड लागला. तिने चिमटीत धरून पाहिला. एक दुमड. तिच्या आत आणखी एक. तिच्याही आत आणखी एक. तिने शर्टाची बाही चाचपली. बाहीच्या आतही तेच. कंबरेलाही तेच.

मास्तरांनी तोंडाने काही सांगितलं नव्हतं. पण कापडात खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही. पुढे पोर वाढेल, जवळ आपण नसू, म्हणून जेवढं वाढेल तेवढं त्यांनी आतच शिवून ठेवलं होतं.

"आई," टाचणी कुजबुजली, "माझ्या स्कर्टला तीन दुमडी आहेत."

"पिल्लू बघ कसं सोंड आपटतंय."

"दरवर्षी एक असते."

"वाढतं अंग आहे तुझं. पुढे बघ."

"पुढच्या वर्षी सोडायची, तर बाबा सोडतील ना. मग आत्ताच तीन कशाला?"

आईने पिल्लाकडे बघणं सोडलं नाही, पण तिला आता काही दिसत नव्हतं.

"बाबा," टाचणी म्हणाली.

मास्तरांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. त्यांनी ओठ मिटले, जसे टाचण्यांवर मिटत तसे, पण आत काहीच नव्हतं.

"बाबा, पुढच्या वर्षी मी कुठे असणार आहे?"

आतोबांना वाटलं, आपण मदत करावी. ते पुढे वाकले आणि त्यांच्या मते कुजबुजले, "अगं, ते पडदे मग कुणासाठी लावलेत?"

गाडीशेजारच्या हत्तिणीने कान पसरले. गाडीवाल्याने मागे न बघता पुन्हा पंजा वर केला.

"तुम्ही गप्प बसा," आत्या दबक्या आवाजात नवऱ्याला म्हणाली. मग टाचणीकडे वळली. "टाचणे, तुला यांनी सांगितलं नाही?"

"काय?"

आत्याने भावाकडे पाहिलं. "अरे, तू हं म्हणालास मला फोनवर."

"तोंडात टाचण्या होत्या," मास्तर म्हणाले.

"दोन महिने होत्या?"

आईच्या गळ्यातून एक हुंदका निघाला, तो तिने पदर समजून ओढणी तोंडात कोंबून आत परतवला. "वन्सं, मी सांगणार होते. रोज सांगणार होते."

"तीन वर्षं फक्त," आत्या टाचणीला म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला. "शाळा बघशील तर वेडी होशील. मोठं मैदान आहे. संध्याकाळी जरा माझ्याजवळ बसायचं, एवढंच."

"त्या खुर्चीत?"

आत्याने जाळीबाहेर पाहिलं.

"माझी उंची कुणी सांगितली तुम्हाला, आत्या?"

सगळे मास्तरांच्या चपलांकडे बघू लागले.

"मला उतरायचंय," टाचणी म्हणाली.

गाडीवाल्याला आपली भाषा येत नव्हती, तरी ते त्याला कळलं. त्याने मागे मान वळवली आणि डोळ्यांनीच दाराबाहेर दाखवलं. दाराला लागून हत्तिणीची पाठ होती, भिंतीसारखी करडी. तिने तेवढ्यात अंग खाजवायला गाडीला जरासा रेटा दिला, आणि सगळी गाडी पाळण्यासारखी कलली, परत आली. जाळीतून सोंडेचं ओलं टोक आत आलं. टाचणीच्या मनगटावर कोमट, गवताच्या वासाचा श्वास पडला. ज्या गोष्टीची तिने आयुष्यभर वाट पाहिली असती, ती तिच्या हाताला हात लावून गेली, आणि तिला तेव्हा डोळ्यांतल्या पाण्यामुळे ती नीट बघताही आली नाही.

रडायचं तर आवाज करायचा नाही. भांडायचं तर कुजबुजून. उठायचं तर डोक्यावर ताडपत्री. पळायचं तर दार बाहेरून बंद, आणि बाहेर हत्ती. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये सगळ्यांचे गुडघे. ऊन वर चढलं, ताडपत्री तापली. हत्ती पाणी पीत राहिले. त्यांना घाई नव्हती.

शिंप्याच्या घरातलं माणूस कॉलरच्या मागे एक टाचणी खोचूनच हिंडतं. टाचणीने ती काढली. मांडीवर स्कर्टचा काठ घेतला आणि पहिला टाका उचलला.

दोरा तुटतो तेव्हा आवाज होतो असं कुणी म्हणणार नाही. पण शिंप्याला तो ऐकू येतो. मास्तरांनी तो ऐकला. टच, टच. आपण कोणता टाका कोणत्या संध्याकाळी घातला, हे त्यांना ठाऊक होतं. ती उसवत चालली होती आणि ते समोर बसून बघत होते. एकदा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ओढू नकोस. कापडाला भोक पडेल."

"पडू दे," ती म्हणाली.

गाडीच्या दुसऱ्या बाजूला आत्या जाळीला डोकं टेकून बसली होती. तीही ऐकत होती. शेवटी तीच मास्तरांची पहिली गुरू.

दुसरी दुमड सुटली, तिसरी सुटली, तेव्हा कुठे पाणवठ्यावरचा कळप हलला. पायांच्या खांबांमधून पिल्लू दिसेनासं झालं. सगळे गेले, एक म्हातारा तेवढा वाटेत उभा राहिला आणि एक झुडूप सावकाश सोलत बसला.

"हत्ती गेला आणि शेपूट राहिलं," आतोबा म्हणाले. कुणी हसलं नाही. त्यांनाही ते चुकीच्या वेळी आलेलं कळलं, आणि त्यांनी दुर्बीण उलटी धरून बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

फाटकाशी गाडी थांबली, बाहेरून कडी निघाली. सगळ्यांच्या मागून टाचणी उतरली, आणि तिचा पाय स्वतःच्याच स्कर्टवर पडला. ती कोलमडली, सावरली. उसवलेला काठ घोट्यांखाली जमिनीवर लोळत होता. तिने शर्टाच्या बाह्याही सोडल्या होत्या. त्यांतून बोटांची टोकंसुद्धा दिसत नव्हती. मातकट स्कर्टवर दुमडींच्या तीन रेघा एकाखाली एक उमटल्या होत्या, भिंतीवर मुलांची उंची मोजून मारतात तशा.

ती बापासमोर जाऊन उभी राहिली.

"मी अशी दिसेन," ती म्हणाली. "ही पुढच्या वर्षी, ही त्याच्या पुढच्या, ही त्याच्याही पुढच्या. आत्ताच बघून घ्या. नंतर तुम्हाला बघायला मिळणार नाही."

मास्तरांनी पाहिलं. कापड मोठं झालं होतं, आत पोर तेवढीच होती. आई पुढे झाली, वाकली, आणि लोळणारा काठ मातीतून उचलून हातात धरून उभी राहिली. आत्याच्या घरी पोचेपर्यंत तिने तो सोडला नाही.

आत्याचं दुकान त्या दिवशी बंद होतं. दुपारचं ऊन दारातल्या मशीनवर आलं होतं. मास्तरांनी दुकानातलं स्टूल ओढलं.

"चढ," ते लेकीला म्हणाले. "अशी फिरशील तर जिन्यावरून पडशील."

टाचणी चढली. काठ मापायचा तर माणसाने सरळ समोर बघायचं. खाली पाहिलं की काठ वाकडा होतो. हे तिने स्वतः शेकडो बायकांना सांगितलेलं. आता तिलाच खाली बघता येत नव्हतं. समोर नुसती भिंत, भिंतीवर टांगलेले दुसऱ्यांचे कोट. तिला एवढंच कळत होतं की बाप गुडघे टेकून बसला आहे, टाचण्यांच्या डबीचं झाकण उघडलं आहे, आणि तिच्याभोवती फिरत तो एकेक टाचणी लावतो आहे. कापड किती आत जातं आहे ते दिसत नव्हतं. तीन दुमडी परत आत गेल्या, तर ती नवे पडदे असलेल्या खोलीत राहणार. तिने दात आवळून समोर पाहिलं.

"ताई," मास्तर टाचण्या धरलेल्या ओठांतून म्हणाले, "तुझी कात्री दे."

शिंपी सुई देतो, दोरा देतो, वेळ पडली तर मशीनही देतो. कात्री कुणाला देत नाही. दुसऱ्याच्या हातात गेली की तिची धार आपली राहत नाही म्हणतात. आणि काठ नुसता दुमडायचा तर कात्री लागतच नाही. हे त्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"कापायचंय?" आत्याने विचारलं.

"हं."

"तोंडातल्या टाचण्या काढ आणि बोल. तुझ्या 'हं'वर मी एकदा पलंग आणलाय."

मास्तरांनी टाचण्या काढल्या. एकेक करून तळहातावर ठेवल्या. त्यांना बराच वेळ लागला.

"ताई, मी हिला घरी नेतो."

"हे तेव्हा का नाही बोललास?"

"तुझं खाल्लेलं आठवलं. नाही म्हणायला जीभ रेटली नाही."

"मी कधी घास मोजून घातले होते का रे तुला?"

"नाही. म्हणूनच."

आतोबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्या दिवसात पहिल्यांदाच न बोलता मिटलं. आई जिन्याच्या पायरीवर बसली होती. टाचणी भिंतीकडे बघत होती. पाठीमागे आत्याच्या सपाता फरशीवर घासत गेल्या, एक खण उघडला, आणि परत येताना मध्येच थांबल्या. नव्या खुर्चीशी थांबल्या असाव्यात. मग लोखंड हातातून हातात गेल्याचा आवाज झाला.

पहिल्या कापाला कापड करकरलं. आत्याची कात्री जड होती, धार तिने जन्मभर सांभाळलेली. टाचणीच्या घोट्यांभोवती ती सावकाश फिरत गेली. एक पट्टी सुटली आणि तिच्या पावलावर पडली, गार, हलकी.

"सगळं नको कापू," आत्या म्हणाली. "एक दुमड राहू दे. पोर वाढणार तर आहेच."

मास्तरांनी एक दुमड ठेवली. आत्याने खाली वाकून ती कापलेली पट्टी उचलली, बोटाभोवती गुंडाळत गुंडाळत तिचा गोळा केला, आणि तो कमरेला खोचला.

निघायच्या दिवशी टाचणीने खालच्या दुकानातली ती खुर्ची खिडकीशी ओढली आणि आत्याला म्हणाली, "इथे आतोबांना बसवा. त्यांचे पाय दुमडले तर बसतील." आत्या हसली, पण तिने खुर्ची परत मागे नेली नाही.

मास्तर आता डोळ्यांनी अधू झाले आहेत. दुकान टाचणीच चालवते. तिला कुणी आता त्या नावाने हाक मारत नाही, सगळे बाई म्हणतात. ती शाळा पुढे शिकली, पण जंगल पुन्हा कधी पाहिलं नाही. सवड झाली नाही म्हणते. लहान मुलांच्या आया हट्ट धरतात, जरा जास्त माया सोडा म्हणून. ती एकच दुमड घालते. "पुढच्या वर्षी परत या," म्हणते, "मी इथेच आहे."

दुकान हातात आलं त्याच दिवशी तिने एक केलं. दारातलं मशीन ढकलत नेऊन बाजूच्या भिंतीला लावलं. तिथे उजेड कमी पडतो, डोळे ताणावे लागतात. पण मागच्या माणसाला कुणाला न उठवता बाहेर जाता येतं. मागे सध्या कुणी बसत नाही.